पांढऱ्यावर पांढरं

एन्कार्नासिऑनच्या जकात चौकीवर
तेवीस वर्षं मी शिक्के मारले.
पलीकडे पोसादास, मध्ये पराना.
नदीकडे कधी कुणी पावती मागितली नाही,
बाकी सगळ्यांकडे मी मागितली.

निमिया ओव्हेलार पहिल्यांदा आली तेव्हा
भाऊ हातगाडी ढकलत होता, तिच्या हातात काठी,
आणि गाडीवर नऊ खोकी.
एकच कादंबरी आहे, म्हणाली.
मी उघडून पाहिलं: जाड कागद, कोरा,
तिरप्या उन्हात धरला तर
अंगावर काटा आल्यासारखा.
पुस्तक म्हणजे पांढऱ्यावर काळं,
हे तर पांढऱ्यावर पांढरं.
कुठल्या रकान्यात लिहू?

साहेब आले, नियमावली आली.
प्रत म्हणजे प्रत, डोळ्यांची असो की बोटांची.
ज्याचं पुस्तक त्याची परवानगी दाखवा.
तिने दाखवली.
ती पुलाच्या त्या टोकापर्यंतचीच निघाली.

तिच्या मागे रांगेत एक पोरगा होता,
काखेत तीच कादंबरी, पानं दुमडलेली.
त्याला मी नुसत्या हातानेच
जा म्हटलं.

तिने पत्रं लिहिली. प्रकाशकाला,
प्रकाशकाच्या वकिलाला,
वारलेल्या लेखकाच्या पुतण्याला.
आठ महिन्यांनी पुतण्याचं उत्तर आलं:
काकांना अंधांविषयी फार आदर होता.
एवढंच. खाली झोकदार सही.

मग ती कपबशा आणू लागली.
दर पंधरवड्याला एक पेटी,
प्रत्येक कप जाड पांढऱ्या कागदात,
सैलसर गुंडाळलेला, ठिपके दबू नयेत असा.
आता आमच्याकडे पितात तेरेरे,
एका पेल्यातून, एका नळीने, सगळ्यांत फिरवत.
इतके कप घेतं कोण?
पहिल्याच पेटीत माझा अंगठा
कागदावरून फिरला, आणि थांबला.
तिने मान वळवली नाही,
पण ऐकत होती, अंगठा थांबलेला.

मी लिहिलं: कप, बारा.
वेष्टण: रद्दी.

तीन वर्षं ती कादंबरी
रद्दी होऊन पूल ओलांडत राहिली.
नाताळात तिने एक कप मला दिला, कागदासकट.
कप बायकोच्या हातून फुटला.
कागद मी खणात ठेवला, का ते विचारू नका.

मी निवृत्त झालो, त्यानंतर कधीतरी
मराकेशचा करार आपल्याला लागू झाला म्हणे.
मला वाटलं चामड्याबिमड्याचा असेल.
चौकीतला नवा मुलगा म्हणाला, नाही काका,
आता ती खोकी अडवायची नाहीत.
पहिल्या खोक्यात काय आलं? भूगोल,
वीजजोडणीचं पाठ्यपुस्तक, लोणच्यांच्या कृती.
वर स्वच्छ अक्षरात पत्ता: अंधशाळा.
रकानासुद्धा छापून आला होता.

मी खण उघडला आणि शाळेत गेलो.
निमिया पायरीवर बसली होती.
कागद हातात घेतला, कोपऱ्यात बोट लावलं,
आणि हसायलाच लागली. दोनशे सात!
ती कादंबरी शाळेत अजून वाचतात,
दोनशे सात आलं की मुलं स्वतःच रचतात.
एका वर्षी त्या पानावर वाघ आला होता,
एका वर्षी लग्न, गेल्या वर्षी दोन्ही.

चौदा मुलं गोळा झाली. तिने वाचलं:
नायक होडीची वाट पाहतोय. भुरभुर पाऊस.
कंटाळून दोन संत्री घेतो.
एक सोलतो. पान संपलं.

कुणीच काही बोललं नाही.
मग अरासी नावाची पोरगी,
नऊ-दहा वर्षांची, माझ्या दिशेने म्हणाली,
एवढ्यासाठी अडवलं होतं?

माझ्याकडे शिक्का नव्हता, उत्तरही नव्हतं.
मी कागदावर बोट ठेवलं. म्हटलं,
संत्री कुठे आहेत?

तिने माझं बोट धरून
दोन ओळी वर सरकवलं.